संगणकाची पॉवर केबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचे संगणक, शिकवणी वर्गांच्या लॅब आणि काही झेरॉक्सच्या दुकानांतली यंत्रं सांभाळताना केबलबद्दलचे प्रश्न मला सतत येतात. निम्म्या वेळा सोबत काळ्या पडलेल्या प्लगचा फोटो असतो. पन्नास हजारांचा संगणक घेणारा माणूस दीडशे रुपयांच्या केबलकडे बघतही नाही, आणि आग लागते ती तिथूनच. म्हणून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे आपल्याकडच्या २३० व्होल्ट पुरवठ्याचे आहेत. परदेशातून आणलेल्या यंत्रांसाठी प्र. २० पाहा. जिथे बोर्ड उघडावा लागतो ते काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

१. दुकानात नेमकी कोणती केबल मागायची? "कॉम्प्युटरची केबल" म्हटलं की दुकानदार तीन प्रकारच्या पुढे टाकतो.

डेस्कटॉपच्या मागे एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, तीन चपट्या पिना असलेला खोलगट भाग असतो. त्यात बसणाऱ्या टोकाला सी-१३ म्हणतात. बहुतेक मॉनिटर, प्रिंटर आणि प्रोजेक्टरलाही हीच केबल चालते. दुसऱ्या टोकाला आपला नेहमीचा गोल पिनांचा ६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप हवा. "सी-थर्टीन, पाऊण स्क्वेअर एमएम, आयएसआय" असं मागा. एक स्क्वेअर एमएमची मिळाली तर उत्तमच. बोर्डापासून संगणकापर्यंतचं अंतर आधी घरी सुतळीने मोजून जा. केबल ताणून बसवावी लागली की प्लग सॉकेटमध्ये तिरका होतो, आणि प्र. १५ मधली बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात.

२. लॅपटॉप, टीव्ही, सर्व्हर यांच्या केबलची टोकं वेगवेगळी का असतात? एकच ठेवली असती तर?

प्रत्येक टोक किती करंट आणि किती उष्णता सोसणार हे ठरलेलं आहे, आणि आकार मुद्दाम असे केले आहेत की हलकी केबल जड यंत्रात बसूच नये. आयईसी ६०३२० या मानकात हे आकार दिले आहेत. लॅपटॉपच्या अडॅप्टरला लागणारं तीन पाकळ्यांचं टोक सी-५, ते अडीच अँपिअरचं. इंग्रजी आठच्या आकाराचं, अर्थिंगची पिन नसलेलं सी-७ हेही अडीच अँपिअरचं. ते छोट्या प्रिंटरला, सेट-टॉप बॉक्सला येतं. सी-१३ दहा अँपिअरचं. सर्व्हर आणि मोठ्या यूपीएसला सी-१९ लागतं, आडव्या पिनांचं, सोळा अँपिअरचं.

खाच असलेलं एक टोक सी-१३ सारखंच दिसतं. ते सी-१५, तापणाऱ्या यंत्रांसाठीचं. ते संगणकाला चालतं, पण सी-१३ ची केबल त्या तापणाऱ्या यंत्रात बसत नाही. बसत नसेल तर कानसीने घासून बसवू नका. तो अडथळा तुमच्याच सुरक्षेसाठी ठेवलेला आहे.

३. केबलवर बारीक अक्षरांत काय काय छापलेलं असतं? त्यातलं वाचायचं काय?

तीन गोष्टी वाचा. पहिली, तारेचा छेद: "३ × ०.७५" म्हणजे आत तीन तारा, प्रत्येकीचं तांबं पाऊण चौरस मिलिमीटर. दुसरी, मानक: पीव्हीसी केबलवर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह. तिसरी, टोकांवर आणि प्लगवर कोरलेले अँपिअर आणि व्होल्ट. केबल, टोक आणि प्लग यांत जे सगळ्यात दुबळं, तीच पूर्ण केबलची क्षमता. सी-१३ टोक दहा अँपिअरचं असलं तरी प्लग ६ अँपिअरचा असेल तर ती केबल ६ अँपिअरचीच.

काही केबलींवर स्क्वेअर एमएमऐवजी एडब्ल्यूजी हा अमेरिकी गेज छापलेला असतो. त्यात आकडा वाढला की तार बारीक होते, आणि इथे हमखास फसायला होतं. १८ गेज म्हणजे साधारण ०.८२ चौरस मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.३१. २० गेज म्हणजे जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर. ती डेस्कटॉपला घेऊ नका.

४. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला साठ रुपयांनाही केबल मिळते आणि दोनशेलाही. फरक खरंच असतो का?

असतो, आणि तो आत असतो. दोन्ही बाजारांत उत्तम मालही मिळतो आणि टाकाऊही, त्यामुळे बघून घ्यायला शिकलेलं बरं. आधी हातात तोलून पाहा. तांबं जड असतं. एकाच लांबीच्या दोन केबलींत जी लक्षात येण्याइतकी हलकी, तिच्यात तांबं कमी आहे किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ॲल्युमिनियम तेवढ्याच छेदात तांब्यापेक्षा कमी वीज वाहतं, वाकवून वाकवून लवकर तुटतं आणि जोडावर तापतं. काही केबलींत तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंडही निघतं. दुकानात लोहचुंबक लावून पाहा. चुंबक केबलीकडे ओढला गेला तर ती तिथेच ठेवा.

बाहेरून जाड दिसणं हा पुरावा नव्हे. एका वर्गात निकामी झालेली केबल मी ब्लेडने उभी चिरली, तर करंगळीएवढ्या आवरणात आत केसासारख्या मोजक्या तारा निघाल्या. बाकी सगळं पीव्हीसी. वर "३ × ०.७५" असं ठसठशीत छापलेलं होतं. तेव्हापासून लॅबसाठी दहा-वीस केबल घ्यायच्या असतील तर आधी एक घेऊन कापून पाहा असंच सांगतो. एका केबलीचे पैसे जातील, बाकीच्या वाचतील.

५. माझा संगणक तर एक-दीड अँपिअरच घेतो. मग बारीक केबल का चालू नये?

हिशेब बरोबर आहे. साधा ऑफिसचा डेस्कटॉप मॉनिटरसकट १५० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे पाऊण अँपिअरही नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक पाचशे-सहाशे वॉट घेईल, म्हणजे अडीच अँपिअर. (एसएमपीएसवर लिहिलेले ६५० वॉट ही तो किती देऊ शकतो याची मर्यादा, तो सतत तेवढे ओढत नाही.)

पण केबल फक्त रोजच्या करंटसाठी निवडायची नसते, बिघाडाच्या क्षणासाठीही निवडायची असते. एसएमपीएसमध्ये शॉर्ट झाला की काही क्षण शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि भिंतीमागचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडेपर्यंत ते सगळे केबलीतून जातात. त्या सर्किटवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो बारा-चौदा अँपिअरवर पडणारच नाही. तोवर अर्धा चौरस मिलिमीटरची तार आवरण वितळवून मोकळी होईल. एमसीबी केबलीच्या आधी पडला पाहिजे, केबल एमसीबीच्या आधी जाता कामा नये. पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटरचा आग्रह त्यासाठी आहे.

६. आमच्या बोर्डात दोनच भोकं आहेत. थ्री-पिनची वरची पिन कापून टाकली तर संगणक चालतो. मग बिघडलं काय?

चालतो, आणि म्हणूनच लोकांना ते बरोबर वाटतं. वरची जाड पिन अर्थिंगची. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण प्लग आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. कॅबिनेटचा पत्रा या पिनेला जोडलेला असतो. आत कुठे फेजची (वीज आणणारी) तार पत्र्याला टेकली तर करंट अर्थिंगमधून धावतो, एमसीबी किंवा आरसीसीबी (अर्थिंगकडे करंट गळाला की पडणारा स्विच) पडतो आणि पुरवठा तुटतो. पिन कापलेली असेल तर काहीच पडत नाही. पत्रा २३० व्होल्टवर जाऊन तसाच वाट बघत राहतो, आणि पहिला हात लावणारा माणूस अर्थिंग बनतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून संगणक चालू करणारी मुलं मी पाहिली आहेत. या एका बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत टू-पिनचेच पॉइंट असतात हे मान्य. तिथे संगणकाच्या एका पॉइंटपुरती अर्थिंगची तार मीटरच्या खोलीतल्या अर्थपर्यंत नेता येते. वायरमनचं साधारण एका दिवसाचं काम आहे. टू-पिनमध्ये थ्री-पिन बसवणारे छोटे कन्व्हर्टर म्हणजे पिन कापण्याचाच दुसरा प्रकार.

७. कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात. केबल खराब आहे का?

बहुतेक वेळा केबल किंवा संगणक यांत दोष नसतो, अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज आणि पत्र्यामध्ये, दुसरा न्यूट्रल (परतीची तार) आणि पत्र्यामध्ये. पत्रा जमिनीला जोडलेला असेल तर त्यांतून येणारा किंचित करंट निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर दोघांच्या मधोमध अडकलेला पत्रा पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. टेस्टर लावला तर तो पेटतो आणि घरचे घाबरतात. करंट इतका थोडा असतो की सहसा इजा होत नाही, फक्त झिणझिणतं.

तरी तो इशारा समजा. ज्या दिवशी खरा बिघाड होईल त्या दिवशीही झिणझिण्यांपासूनच सुरुवात होईल, आणि तुम्हाला सवय झालेली असेल. शिवाय असा तरंगता संगणक एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर असेल, तर जोडतानाच ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरला तीन पाकळ्यांची केबल असेल तर ती थ्री-पिनमध्येच लावा. टू-पिनच्या केबलीवर चालवला तर झिणझिण्या येणारच. अर्थिंग नीट असूनही शॉक बसत असेल तर यंत्र तात्काळ बंद करून दुरुस्तीला द्या.

८. भिंतीत तीन भोकं आहेत, पण अर्थिंग खरंच आहे का हे कळणार कसं?

टेस्टरने कळत नाही. टेस्टर फक्त फेज दाखवतो. अर्थच्या भोकात तो पेटला नाही म्हणजे अर्थिंग आहे असं मुळीच नाही. तिथे तार जोडलेलीच नसली तरी तो पेटणार नाही.

मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर एसी व्होल्टवर तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ वीस-तीस व्होल्ट किंवा फेज-अर्थ खूपच कमी दिसलं तर अर्थिंग नाही किंवा दुबळं आहे. मल्टिमीटर फार थोडा करंट घेतो, त्यामुळे अर्धवट तुटलेली तारही त्याला ठीक वाटू शकते. म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहतात. बल्ब पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल. तोही पुरावाच: करंट अर्थमध्ये गेला म्हणूनच तो पडला.

मोजमाप घेताना हेही बघून ठेवा की अर्थचं भोक वर ठेवून समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे हवी. डावीकडे निघाली तर संगणक चालेल, पण बटण बंद असतानाही आत फेज राहू शकते.

९. अर्थिंग नव्हतं म्हणून एकाने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून दिलं. आता झिणझिण्या थांबल्या. चालेल ना?

नाही. आजच काढून टाका. झिणझिण्या थांबल्या, पण आता न्यूट्रलची तार मागे कुठेही सुटली की चालू संगणकातून आलेली फेज थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल. फेज आणि न्यूट्रल उलटसुलट झालेले असतील तर पत्रा पहिल्या क्षणापासून २३० व्होल्टवर. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र येण्याची जागा पुरवठ्याच्या मुळाशी असते, घरातल्या सॉकेटमध्ये कधीच नाही. प्र. ८ मधल्या मोजमापात, घरात भरपूर लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, तर हा उद्योग झालेला असल्याची शंका घ्या.

१०. यूपीएसचा प्लग मोठ्या पिनांचा आहे आणि बोर्ड छोटा. कन्व्हर्टर लावू का?

मोठा प्लग १६ अँपिअरचा, छोटा ६ अँपिअरचा. प्लग मोठा दिला आहे तो यंत्र ६ अँपिअरपेक्षा जास्त ओढू शकतं म्हणून. कन्व्हर्टर लावला की ते सगळं छोट्या सॉकेटमधून आणि त्यामागच्या बारीक वायरिंगमधून जातं. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट, १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट, एवढा फरक आहे. पॉवर पॉइंट बसवून घ्या. उलट प्रकार, म्हणजे छोटा प्लग मोठ्या सॉकेटला, चांगल्या कन्व्हर्टरने तात्पुरता चालतो, पण कन्व्हर्टर सैल बसत असेल तर तोही नको.

११. एका स्पाइक बस्टरवर काय काय लावता येईल?

संगणक, मॉनिटर, राउटर, स्पीकर, फोनचा चार्जर: चालेल. इस्त्री, किटली, हीटर, लेझर प्रिंटर: नाही. सहा भोकं असली तरी पूर्ण पट्टीची क्षमता एका प्लगची, म्हणजे ६ किंवा १० अँपिअर, जी वर कोरलेली असेल तीच. एका स्पाइक बस्टरमध्ये दुसरा लावू नका.

दुकानात स्पाइक बस्टर म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्या म्हणजे नुसते एक्स्टेंशन बोर्ड असतात, लाल बटण आणि दिवा एवढंच. खऱ्या स्पाइक बस्टरमध्ये व्होल्टेजची उसळी शोषणारा घटक असतो, एमओव्ही. खोक्यावर किती ज्यूल शोषणार हे लिहिलेलं असतं. तो प्रत्येक उसळीनंतर थोडा झिजतो आणि एक दिवस संपतो. पट्टी त्यानंतरही वीज देत राहते, त्यामुळे संरक्षण संपल्याचं कळत नाही. म्हणून संरक्षणाचा वेगळा दिवा असलेली पट्टी घ्यावी. अर्थिंग नसेल तर या घटकाला उसळी जमिनीत सोडायला वाटच उरत नाही, तेव्हा आधी प्र. ६ आणि ८.

कुठल्याही देशाचा प्लग बसेल अशा भोकांच्या पट्ट्या मला पसंत नाहीत. सगळे प्लग बसतात, पण घट्ट एकही बसत नाही.

१२. यूपीएसच्या मागे भिंतीसारखी सॉकेट नाहीत, वेगळीच भोकं आहेत. त्याला केबल कुठली? आणि प्रिंटर लावायचा का?

ती सी-१३ ची भोकं. त्यांना एका टोकाला सी-१३ आणि दुसऱ्या टोकाला सी-१४ (सी-१३ मध्ये बसणारं पिनांचं टोक) असलेली केबल लागते. दुकानात "यूपीएस टू मॉनिटर केबल" म्हटलं की मिळते. एका टोकाचा प्लग कापून घरी बनवलेली केबल लावू नका.

घरगुती यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण तो वॉटमध्ये साधारण ३६० च देतो. त्यावर संगणक, मॉनिटर आणि राउटर. लेझर प्रिंटर कधीच नको. कागदावरची शाई वितळवणारा त्याचा हीटर सुरू होताना हजार वॉटच्या आसपास ओढतो, आणि यूपीएस तिथल्या तिथे बंद पडतो किंवा जातो. इंकजेट चालतो. यूपीएसच्या आउटपुटला एमओव्हीवाला स्पाइक बस्टरही लावू नका. बॅटरीवर चालताना स्वस्त यूपीएसची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते आणि ती त्याला मानवत नाही. साधी एक्स्टेंशन पट्टी वॉटच्या मर्यादेत चालेल.

१३. घरात इन्व्हर्टर आहे. वेगळा यूपीएस हवाच का?

इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहर देणारा, असेल आणि मागचं बटण यूपीएस मोडवर असेल तर बहुतेक संगणक बंद न पडता तग धरतात. स्क्वेअर वेव्हवर नव्या एसएमपीएसमधून गुणगुण येते, काही चालूच होत नाहीत. इन्व्हर्टरचं वायरिंग करताना अर्थ तोडलेला नाही ना, हे प्र. ८ प्रमाणे इन्व्हर्टर बॅटरीवर असतानाही मोजा.

१४. बोर्ड दुसऱ्या खोलीत आहे. दहा मीटरचं एक्स्टेंशन चालेल का?

थोड्या दिवसांसाठी चालेल, कायमसाठी नाही. हिशेब करून दाखवतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२६ ओहम. दहा मीटर जायला, दहा यायला, म्हणजे ०.५२ ओहम. नुसता डेस्कटॉप असेल तर काही जाणवणार नाही. पण त्याच एक्स्टेंशनवर कुणी इस्त्री लावली आणि करंट दहा अँपिअरच्या जवळ गेला, तर पाच व्होल्ट वाटेतच खर्च होतील आणि ५२ वॉट उष्णता केबलीत निर्माण होईल. केबल पसरलेली असेल तर ती हवेत जाते. उरलेली केबल गुंडाळून पलंगाखाली सरकवलेली असेल तर ते ५२ वॉट एका वेटोळ्यात साठतात आणि आवरण मऊ पडतं. रीळवाल्या एक्स्टेंशनची तार म्हणूनच पूर्ण उलगडून वापरायची.

लांब नेणारच असाल तर दीड चौरस मिलिमीटरची, तीन तारांची केबल घ्या. सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका.

१५. प्लग गरम होतो. एक पिन थोडी काळी पडली आहे. किती गरम झाला तर काळजी करायची?

संगणकाच्या प्लगला हात लावून ऊब जाणवली तरी काहीतरी चुकतंय. एवढ्या थोड्या करंटला तो थंडच राहायला हवा. कारण बहुधा सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांचा ताण गेलेला असतो. सैल स्पर्शाला उष्णता, उष्णतेने पट्टी आणखी सैल, असं ते वाढत जातं. नुसता प्लग बदलून भागत नाही. त्या सॉकेटने नवा प्लगही जळतो. दोन्ही बदला. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवट थर येतो. बटण बंद करून, प्लग काढून, कोरड्या कापडाने पुसून ठेवा. खड्डे पडले असतील तर बदला.

चरचर आवाज किंवा जळकट, माशासारखा वास आला तर प्लगला हात न लावता आधी एमसीबी पाडा.

१६. उंदराने केबल कुरतडली आहे, आतली तार शाबूत आहे. टेप लावून वापरू?

नको. सी-१३ केबल बदलण्याइतकी स्वस्त दुसरी दुरुस्ती संगणकात नाही. जुनी केबल कापून दोन तुकडे करूनच टाका, नाहीतर घरातलं कुणीतरी ती पुन्हा वापरायला काढतं.

१७. लॅपटॉपचा चार्जर हरवला. दुसऱ्या कंपनीचा लावला तर?

व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. १९ ला १९, २० ला २०. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. गोल पिनेच्या आत धन आणि बाहेर ऋण हे चित्र दोन्हीकडे सारखं हवं. अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) नोंदणी चिन्ह आणि आर ने सुरू होणारा क्रमांक आहे का पाहा.

१८. टाइप-सीच्या सगळ्या केबल सारख्या ना? मग लॅपटॉप हळू का चार्ज होतो?

दिसायला सारख्या. साधी टाइप-सी केबल तीन अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याहून जास्त हवं तर केबलीच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. अशा पाच अँपिअरच्या केबली १०० वॉटच्या आणि २०२१ नंतरच्या मानकानुसार २४० वॉटपर्यंतच्या असतात. चिप नसेल तर चार्जर स्वतःहून कमी वीज देतो, त्यामुळे धोका नसतो, फक्त वेळ जातो. केबलीवर वॉट छापलेले बघून घ्या.

१९. राउटर चालू होता, सकाळी मेला. काल फक्त टेबल आवरलं होतं.

बहुधा अडॅप्टरची अदलाबदल झाली. पाच, नऊ आणि बारा व्होल्टचे अडॅप्टर बाहेरून जुळ्या भावांसारखे असतात आणि पिनही तीच. पाच व्होल्टच्या यंत्राला बारा दिले की ते जातं. प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव मराठीत ठळक लिहून ठेवा. व्होल्ट-अँपिअरचे नियम प्र. १७ मधलेच.

२०. मुलाने अमेरिकेतून डेस्कटॉप आणला आहे. इथे लावता येईल?

आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचा. "१००–२४०" लिहिलं असेल तर यंत्र इथे चालेल. काही जुन्या एसएमपीएसना मागे ११५/२३० चं लाल सरकतं बटण असतं. ते ११५ वर ठेवून इथे लावलं तर आत ३२५ च्या जागी ६५० व्होल्ट तयार होऊ पाहतात आणि कपॅसिटर धडाक्याने फुटतात. प्लग लावण्याआधी ते बटण २३० वर आणा.

तिकडची केबल मात्र तिकडेच राहू द्या. तिच्या प्लगवर १२५ व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि ती इथे लावायला जे प्रवासी कन्व्हर्टर वापरतात त्यांतले बरेच अर्थ तोडतात. टोक सी-१३ च असतं, तेव्हा इथली केबल घेतली की प्रश्न सुटला. इथला संगणक तिकडे नेतानाही हेच करा. १२० व्होल्टवर करंट दुप्पट होतो हे लक्षात ठेवा. ब्रिटन आणि दुबईच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला.

२१. नवा मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस घेतला. जुन्याच्या केबल बसतात, त्याच ठेवू?

नाही! या पानावरची सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हार्ड डिस्क किंवा मदरबोर्डकडचं टोक ठरलेल्या मानकाचं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात कुठल्या पिनेवर काय याला मानक नाही. कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलतं. केबल खटकन बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन सगळ्या डिस्क एका क्षणात जातात. वर्षानुवर्षांचे फोटो असे गेलेले मी पाहिले आहेत. एसएमपीएस बदलला की त्याच्या खोक्यातल्याच केबल वापरा, जुन्या पिशवीत भरून वर नाव लिहा.

२२. ग्राफिक्स कार्डला जोड अपुरी पडते. साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) केबलीवरून कन्व्हर्टर घेऊ का?

साटाच्या जोडाची बारा व्होल्टवरची मर्यादा साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. कार्डाचा सहा पिनांचा जोड ७५ वॉटचा, आठ पिनांचा १५० चा. हिशेब इथेच संपतो. योग्य जोड असलेला एसएमपीएस घ्या.

नव्या मोठ्या कार्डांचा बारीक पिनांचा जोड ६०० वॉटपर्यंतचा असतो, म्हणजे बारा व्होल्टवर ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठाहून जास्त. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे हे जोड वितळल्याचं जगभर गाजलं. पूर्ण आत न बसलेला जोड हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. नंतरच्या सुधारित जोडात अर्धवट बसल्यास कार्डाने वीज ओढू नये अशी सोय केली. तुमचा कुठलाही असो, खटका ऐकू येईपर्यंत दाबा, फट उरली नाही ना बघा, आणि जोडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा. कॅबिनेटची काच लावायच्या घाईत ती मोडून दाबली जाते.

२३. वळवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा बटण बंद केलं की पुरतं ना?

पुरत नाही. बटण फक्त फेज तोडतं, आणि आतली फट मिलिमीटरभराची. प्लग काढा. राउटरकडे येणारी तांब्याची लॅन वायर आणि टीव्हीची केबलही काढा. जवळ वीज पडली की उसळी तिथूनही येते. हे ढग गडगडायला लागण्याआधी करायचं.

दिवे एकदम लख्ख झाले आणि पंखे वेगाने फिरू लागले, तर तो विजांचा प्रकार नव्हे. न्यूट्रल तुटल्याची शक्यता आहे. अशा वेळी घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि स्पाइक बस्टर काही वाचवत नाही. ताबडतोब मेन बंद करा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा.

२४. आमच्या वर्गात वीस संगणक आहेत. एकेक चालवला तर ठीक, सगळे लावले की आरसीसीबी पडतो. वायरमन म्हणतो अर्थिंग काढून टाकू.

तसं करू देऊ नका. मुलांच्या लॅबमध्ये तर नाहीच. कारण प्र. ७ मधल्या कपॅसिटरमध्ये आहे. प्रत्येक संगणक अर्थमध्ये थोडा करंट सोडतो. मानकाप्रमाणे साडेतीन मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे, प्रत्यक्षात समजा एक. वीस संगणकांचे वीस झाले. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ ते ३० मध्ये कधीही पडावं अशीच त्याची रचना असते. म्हणजे दोष कुणाचाच नाही, गर्दी जास्त आहे. सहा ते आठ संगणकांचं एक सर्किट करून प्रत्येकाला स्वतंत्र आरसीसीबी बसवा.

वीज गेल्यावर परत येते त्या क्षणी एमसीबी पडत असेल तर ते वेगळं दुखणं. सगळे एसएमपीएस एकदम भरले जाताना मोठा झटका घेतात. बी प्रकारचा एमसीबी त्याला पडतो, सी प्रकारचा तग धरतो. बदलण्याआधी त्यामागची तार तेवढी जाड आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. वीज गेली की सगळी बटणं बंद करून नंतर रांगेरांगेने चालू करण्याची सवय मुलांना लावली तरी बरंच भागतं.

लॅबला थ्री-फेज असेल तर न्यूट्रलची तारही पाहा. संगणकांचा करंट गुळगुळीत लहरीचा नसतो, आणि त्यातला काही भाग तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करण्याऐवजी एकत्र होतो. न्यूट्रल फेजइतकी जाड हवीच. निम्म्या जाडीची टाकलेली असेल तर फेजच्या तारा थंड आणि न्यूट्रल गरम असं चित्र दिसतं, आणि तिथे एमसीबीही नसतो. परीक्षा चालू असताना, सगळे संगणक पेटलेले असताना, वायरमनला क्लॅम्प मीटरने न्यूट्रलचा करंट एकदा मोजायला सांगा.